फ्रीज बुद्रुकचा जबाब

"बाबा, तुम्ही पॅसेंजर," जुई म्हणाली. "तिकडे बसा, दिवाणावर."

"मी सिग्नल धरतो ना."

"सिग्नल आहे आमच्याकडे."

तिने खुर्चीच्या पाठीला बांधलेली फुटपट्टी दाखवली. पट्टीच्या टोकाला लाल कागद डकवला होता आणि दोरी ओढली की पट्टी वर-खाली होत होती. माझ्यापेक्षा ती हे काम नक्कीच चांगलं करत होती.

"नाना, सांगा ना हिला," मी म्हणालो.

नाना, म्हणजे माझे वडील, भिंतीशी लावलेल्या फळीवर वाकून दोन रूळ एकमेकांत बसवत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तू स्टाफ नाहीस, प्रमोद. स्टाफशिवाय यार्डात यायचं नाही. बस. गाडी लागली की सांगतो."

मी बसलो. माझं वय तेव्हा छत्तीस होतं. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, दोन धरणांचे नकाशे माझ्या हातून गेले होते. जुईने माझ्या हातात तिकीट दिलं. एसटीच्या जुन्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं: 'दिवाण जंक्शन ते फ्रीज बुद्रुक. मोठा माणूस १.'

"खिडकीची जागा आहे का?" मी विचारलं.

"पॅसेंजरने फार बोलायचं नसतं," नाना म्हणाले, आणि दोन्ही पोरं खिदळली.

*

लाइन समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर घडलं.

आमच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती, ताटं सरकवायची. नानांनी हॉलमध्ये फळ्या जोडून खिडकीच्या उंचीवर रूळ टाकले, खिडकीतून भिंतीपलीकडे नेले, तिथे भिंतीला लावलेल्या जेवणाच्या टेबलावर एक वळसा घातला आणि त्याच खिडकीतून परत आणले. खिडकीला वैजूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जुन्या साडीचा पडदा. हा बोगदा. हॉलमधलं स्टेशन दिवाण जंक्शन, तिथे नाना मास्तर आणि आठ वर्षांची जुई गार्ड. पलीकडे फ्रीज बुद्रुक, तिथे स्टुलावर उभा राहिलेला पाच वर्षांचा तन्मय. फ्रीज खुर्दही होतं म्हणे, पण तिथे गाडी थांबत नसे.

इंजिन, चार डबे आणि रूळ नानांच्या एका ड्रायव्हर दोस्ताचे. पिंटो त्यांचं नाव. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा खोका नानांच्या हवाली करून गेले. बटण फिरवलं की इंजिन खरंच विजेवर चाले. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा रूळ अजून फरशीवरच होते; नाना जमिनीवर पालथे पडले होते, गाल फरशीला टेकवून, दोन्ही बाजूंना दोन पोरं, तिघांचे डोळे रुळाच्या रेषेत. मी ऑफिसातून आलो, दारात बूट काढले, परत घातले, पुन्हा काढले. कुणी पाहिलं नाही.

भिंतीमुळे दोन्ही स्टेशनांना एकमेकांचं दिसत नसे. म्हणून टेलिफोन: पावडरचे दोन रिकामे डबे आणि मधून ताणलेली सुतळी. आणि म्हणून प्रायव्हेट नंबर.

"हे बघ तन्मय," नानांनी त्याला समजावलं होतं. मी दिवाणावरून ऐकत होतो. "मला इथून तुझी लाइन दिसत नाही. रिकामी आहे की नाही, मला काय ठाऊक? मग मी तुला विचारणार, लाइन क्लिअर आहे का? तू आधी डोळ्यांनी बघायचं. सगळा रूळ बघायचा. मग म्हणायचं, आहे. आणि मग?"

"नंबर!"

"नंबर. या पट्टीवरचा, पुढचा. एकदा दिला की लाल पेन्सिलीने खोडायचा. हा नंबर फक्त तुझ्याकडे. मला ठाऊक नाही, जुईला ठाऊक नाही."

"बाबांना?"

"बाबांना तर नाहीच नाही."

"आणि मी खोटा नंबर दिला तर?"

नाना त्याच्याकडे एवढ्या गांभीर्याने बघायला लागले की तन्मयचं हसू मावळलं. "नंबर खोटा नसतो. नंबर दिला म्हणजे शब्द दिला."

*

नाना स्टेशनमास्तर होते, त्यामुळे माझं लहानपण तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या लाइनवरच्या लहान स्टेशनांवर गेलं. क्वार्टर आणि स्टेशन यांच्यात एक भिंत. नाना दिवसा झोपलेले असले की आई आम्हाला तोंडावर बोट ठेवून वावरायला लावी, आणि जागे असले की भिंतीपलीकडे असत. मी भिंतीला कान लावे. घंटा वाजायची, मग त्यांचा आवाज. घरात न येणारा, मोकळा, थोडासा थट्टेतला. पुढच्या स्टेशनवरच्या कुणा मास्तरशी बोलायचे. ज्याला त्यांनी बहुधा कधी पाहिलंही नसेल त्याला सांगायचे, "लिहा, प्रायव्हेट नंबर एकोणसाठ."

'प्रायव्हेट' म्हणजे खासगी, हे मला तिसरीत कळलं. म्हणजे माझ्या वडिलांचं कुणाशी तरी खासगी होतं, दिवसातून वीस-वीस वेळा.

एकदा मी विचारलं, "नाना, आजचा नंबर काय दिला?"

"ते घरात सांगायचं नसतं," ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

आता पट्टी तन्मयच्या चड्डीच्या खिशात असे. घामाने ओली, कडा झिजलेली. तो झोपला की मी ती बघत असे. नानांचं अक्षर. सत्तेचाळीस, बारा, शहाऐंशी, तेवीस, साठ. प्रत्येक आकडा सुबक, जणू कुणी मोठा साहेब तपासणार होता.

मी माझ्या पोरांचा दुस्वास करत होतो, हे वाक्य मी आज लिहितो आहे. त्या वर्षी ते मला मनातसुद्धा जुळवता आलं नसतं. त्या वर्षी मी म्हणत होतो की पोरांचा अभ्यास बुडतोय. वैजूला म्हणत होतो की टेबल अडतं, आपण जमिनीवर जेवतो. नानांना म्हणत होतो की एवढं वाकू नका, कंबर धरेल.

"धरू दे," नाना म्हणायचे. "आता तिला दुसरं काम काय आहे?"

*

शनिवार. दुपारचे साडेतीन. मी लवकर आलो होतो. वैजू खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे. हॉलमध्ये नाना आणि जुई. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तन्मय स्टुलावर एका पायावरून दुसऱ्या पायावर करत होता.

"काय रे?"

"सू."

"मग जा की."

"गाडी येणारे."

"जा रे, गाडी कुठे पळून जाते."

तो उतरला आणि पळाला. पट्टी टेबलावर राहिली. लाल पेन्सिलीने तीन आकडे खोडलेले. चौथा तेवीस.

टेबलाच्या कोपऱ्यावर रूळ वळत होता, अगदी कडेला. मी त्या वळणाचा एक तुकडा दोन बोटांनी उचलला. सहज निघाला. त्याचं वजन काहीच नव्हतं. तो मी पाण्याच्या पिंपामागे ठेवला.

परत बसवायला वेळ होता. हे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलंय की वेळ नव्हता. होता.

पलीकडे नानांनी पितळी भांड्यावर चमच्याने दोन ठोके दिले. टण्, टण्. मी डबा कानाला लावला.

"फ्रीज बुद्रुक, लाइन क्लिअर आहे का?"

डब्यातून त्यांचा आवाज आला, आणि तो तोच होता, भिंतीपलीकडचा. मी डबा तोंडाशी नेला. आवाज बारीक केला.

"आहे."

"नंबर?"

"तेवीस."

सुतळीतून काहीच आलं नाही. मग रीतीप्रमाणे त्यांनी नंबर परत म्हटला, "दोन, तीन. तेवीस. लिही जुई." आणि शिट्टी वाजली.

मी लाल पेन्सिल उचलली आणि तेवीस खोडला. हे का केलं ते मला आजही सांगता येत नाही. कामाची सवय असेल.

पडदा हलला. इंजिन बाहेर आलं, मागे चार डबे. कोपऱ्याशी आलं आणि वळलंच नाही. सरळ गेलं, टेबलावरून खाली, त्याच्यामागे एकेक डबा शहाण्यासारखा. फरशीवर आवाज फार मोठा झाला नाही. स्टीलची वाटी पडली तर यापेक्षा मोठा होतो.

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

*

"कुणी झाडू मारायचा नाही," नाना दारातून म्हणाले. त्यांनी खडूने फरशीवर इंजिनाभोवती रेघ काढली. चाकांचा एक आस मोडून वेगळा पडला होता. इंजिनाचा पुढचा दिवा फ्रिजखाली गेला होता.

वैजू वर आली तेव्हा हे चाललं होतं.

"नाना, मला पोळ्या करायच्यात."

"पंचनामा होईपर्यंत ओट्याशी जाताना रेघेबाहेरून जा, वैजू."

"आणि रेघ ओट्याला चिकटलीय त्याचं काय?"

"पलीकडून वळसा घाल."

ती माझ्याकडे बघून डोळे फिरवत हसली. मी पण हसलो.

तन्मय न्हाणीघराच्या दारात उभा होता, चड्डी अर्धी वर. नानांनी जुईकडून वही घेतली. "तीन वाजून चौतीस मिनिटं, फ्रीज बुद्रुक, नंबर तेवीस. तन्मय, तुझी पट्टी आण." त्याने आणली. "तेवीस खोडलेला आहे. हा नंबर तू दिलास?"

तन्मयने पट्टीकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. मला वाटतं त्या क्षणी त्याला खरंच आठवेना.

"मी सूला गेलो होतो," तो म्हणाला.

"स्टेशन कुणाच्या चार्जमध्ये देऊन गेलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांचं पोर सगळ्या गोष्टींसाठी बापाकडे बघतं, त्यामुळे त्या बघण्यात आरोप होता असं मी म्हणत नाही.

मी ग्लास विसळला आणि पालथा ठेवला.

नानांनी तन्मयला रागावलं नाही. ते म्हणाले, "मास्तर मी आहे. अपघात झाला की पहिला मास्तर सस्पेंड होतो. जबाबदारी ठरेपर्यंत लाइन बंद. सगळ्यांचे जबाब लेखी. तन्मयचा जुई लिहून घेईल." मग माझ्याकडे वळून, "तुझाही लागेल. तू जागेवर होतास."

आणि ते जाऊन दिवाणावर बसले, मांडीवर हात ठेवून.

*

जबाब
नाव: प्रमोद पंढरीनाथ भोळे. हुद्दा: पॅसेंजर. (हे दोन्ही नानांनीच भरून दिलं होतं.)
प्रश्न: घटनेच्या वेळी आपण कुठे होता?
उत्तर: स्वयंपाकघरात. पाणी पीत होतो.
प्रश्न: आपण काय पाहिलं?
उत्तर: काही नाही. पाठमोरा होतो.

फाडला.

जबाब
सदर ठिकाणी असलेला रूळ अगोदरपासूनच सैल असावा असे दिसते. देखभालीअभावी

फाडला. 'देखभालीअभावी' लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आता नानांवर ढकलतोय.

जबाब
जाता जाता माझा धक्का लागला असण्याची शक्यता नाकारता येत

हा फाडला नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. एवढं पुरेल असं वाटलं.

*

रविवारी तन्मय फार शहाण्यासारखा वागला. पाय आवळून खुर्चीवर बसून होता. वैजूने दोनदा विचारलं, जायचंय का? तो नाही म्हणाला. दुपारी त्याने पाणी प्यायचं बंद केलं. संध्याकाळी पोट दुखतं म्हणाला, तिने ओवा दिला.

सोमवारी बालवाडीत त्याने चड्डी ओली केली. अगदी बाळ असताना सोडलं तर त्याने असं एकदाही केलं नव्हतं. वैजू त्याला तिथूनच डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी साडेपाचला घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, गॅसवर डाळ. नाना टेबलाशी. तन्मय त्याच्या स्टुलावर.

"डॉक्टर म्हणाले, रोखून धरतोय," ती म्हणाली. "परवापासून. म्हणाले, असंच चाललं तर बरं नाही, ताप येईल. घरात कुणी रागावलं का, विचारत होते. कोण रागावलं याला? नाना, तुम्ही?"

"मी नाही, बाई."

"मग? अहो, तुम्ही?"

"मी कशाला रागावेन?"

ती तन्मयसमोर बसली. "राजा, मला सांग. सू आली तर का जात नाहीस?"

त्याने बराच वेळ स्टुलाची कड खरवडली.

"मी गेलो की गाडी पडते," तो म्हणाला.

डाळीला उकळी आली होती आणि झाकण उडत होतं. ते कुणी उचललं नाही.

नाना उठले. माझ्या दंडाला धरून मला गॅलरीत घेऊन आले. माझ्या दंडाला त्यांनी हात लावल्याचं मला तरी आधीचं काही आठवत नव्हतं, म्हणून मी निमूट गेलो.

"जबाब कुठाय?"

मी खिशातला कागद काढून दिला. त्यांनी चष्मा न लावताच घडी उघडली, लांब धरून वाचला, परत घडी घातली.

"आवाज तुझा होता," ते म्हणाले.

खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं. मी तिकडे बघत राहिलो.

"डब्यातून. मी ओळखला."

"मग गाडी का सोडलीत?"

"तू नंबर दिलास."

"पण तुम्हाला कळलं होतं ना, की तन्मय नाही, मी आहे! पट्टी माझी नव्हती. तुम्हीच म्हणाला होतात, मी स्टाफ नाही."

"म्हटलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, आला एकदाचा ड्यूटीवर." ते थांबले. त्यांचं बोलणं नेहमीसारखंच होतं, चौकशीतलं. "आणि दिलेल्या नंबरावर संशय घ्यायचा नसतो, प्रमोद. पलीकडे कोण बसलाय, त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, तो आपल्यावर चिडलाय का, असं मी बघत बसलो असतो तर एक गाडी सुटली नसती. नंबर आला की सोडायची."

मी गॅलरीच्या कठड्यावर हात टेकले.

"हा जबाब चालणार नाही," ते म्हणाले आणि कागद माझ्या खिशात परत खोचला. "नवा लिही. सोप्या शब्दांत. जुई वाचणार आहे, तिला जोडाक्षरं अडतात. नाहीतर मग मी माझा देतो. माझ्या जबाबात आवाजाचं येईल."

"नाना, त्यांच्यासमोर..."

"त्यांच्यासमोरच पडली ना गाडी?"

*

जबाब
तन्मयची चूक नाही. तो सूला गेला होता. सू आली की जायचं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्याने नंबर दिला नाही. रूळ मी काढला. तो पिंपामागे आहे. नंबर मी दिला. नाना तुम्हाला नंबर देतात. मला कधी दिला नाही. मी जळलो.
बाबा

*

जुईने उभं राहून वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून. 'परवानगी' आणि 'पिंपामागे' या दोन्ही ठिकाणी ती नीट गेली. 'मी जळलो' तिने दोनदा वाचलं, पहिल्यांदा मोठ्याने आणि दुसऱ्यांदा मनात. मग कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात ती आठ वर्षांची नव्हती.

वैजूने गॅस बंद केला. पिंपापाशी गेली, वाकली, रुळाचा तुकडा काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला. माझ्या दिशेला तिने मान वळवलीच नाही. पुढे पुष्कळ दिवस ती तशीच वागली, पण तो वेगळा भाग.

"म्हणजे मी गेलो म्हणून नाही पडली?" तन्मयने नानांना विचारलं.

"नाही."

"बाबांनी पाडली?"

"बाबांनी पाडली."

"मी आता जाऊन येऊ?"

"धाव," नाना म्हणाले.

तो धावला. दार लावायचं राहिलं. आम्ही चौघं तसेच उभे राहून ऐकत होतो. खूप वेळ चालली ती धार. मध्येच थांबली असं वाटलं आणि परत सुरू झाली. जुईला हसू फुटलं, तिने तोंडावर कागद धरला. वैजूने डोळे पुसले.

मग न्हाणीघरात काहीतरी खडबडलं. बादली उलटी केल्यासारखं. तन्मय बाहेर आला तेव्हा त्याचे हात ओले होते आणि एका हातात फळीवरची भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब होती. बादलीवर चढून काढली असणार. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"कुठे?"

"काय कुठे?"

"जळलात ते. दाखवा."

"अरे, तसं नाही जळले ते," जुई म्हणाली. "माझा रंगपेटीचा डबा बघून तू कसा रडलास, तसे जळले."

"तेव्हा पण मला झोंबलं होतं," तन्मय म्हणाला. "कुठे, बाबा?"

मी हात पुढे केला, उजवा, उताणा. दोन बोटं जराशी वेगळी धरली. ज्यांनी रूळ उचलला होता ती.

त्याने टोपण दातांनी उघडलं. वैजू एरवी ओरडली असती. ट्यूब खालून गुंडाळत आणलेली होती, जवळजवळ सपाट. तो तिला दोन्ही मुठींनी पिळायला लागला.

"तुला किसन पॉइंट्समन आठवतो का रे, सांधे बदलायचा तो?" नाना मागून म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते तन्मयच्या मुठींकडे बघत होते.

"हो. त्याच्या मिशा आठवतात."

"दिवसभर त्याच्या खांद्यावर असायचास. तो झेंडी दाखवायचा आणि तू वरून गाड्यांना हात करायचास. त्याला तू काका म्हणायचास, त्याच्या ताटात जेवायचास. एकदा झोपलास त्याच्या मांडीवर, तर मी न्यायला आलो तेव्हा रडलास." त्यांनी घसा खाकरला. "मला माझ्या ड्यूटीच्या खोलीच्या खिडकीतून सगळं दिसायचं. मग मी त्याची बदली करायला लिहिलं. कारण लिहिलं, कामात हयगय."

"नाना?"

"हयगय काही नव्हती. माणूस घड्याळासारखा होता."

किसन एका सकाळी नव्हता एवढंच मला ठाऊक होतं. आईने सांगितलं होतं की तो त्याच्या गावी गेला.

नाना दोन पावलं पुढे आले. शर्टाची बाही वर सारली आणि त्यांचा हात माझ्या हाताशेजारी धरला. सुरकुतलेला, आकडे लिहायचा.

"इथे पण जरा लाव रे," ते तन्मयला म्हणाले. "जुनं आहे, पण आहे."

तन्मयने दोन्ही हातांकडे पाहिलं. मग ट्यूबच्या तोंडाकडे. तिथे मटारच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका आला होता. त्याने पुन्हा पिळलं, टेबलाच्या कडेवर घासून बघितलं, जोरात फुंकलं. आणखी काही येईना.

"एवढंच आहे," तो म्हणाला. "एकालाच पुरेल."

तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागला. जुई म्हणाली, "वडीलमाणसाला आधी." वैजू म्हणाली, "दोघांनाही नको देऊस."

मी हात मागे घेतला नाही. नानांनीही घेतला नाही.